वर्णन जुळत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, माझी लग्नाआधीची सगळी प्रकरणं जिला तोंडपाठ आहेत त्या मैत्रिणीलाही नाही. सांगायचं ठरवून दोन-तीनदा बसले होते — पण विषय दुसरीकडे गेला. म्हणजे मीच नेला. ती कला माझ्याकडे भरपूर आहे. आत्ताही बघा, मुद्द्यावर यायचं सोडून मी माझ्या कलेचं कौतुक सांगत बसले.

लोकांना जे माहीत आहे ते आधी सांगते, ते सोपं आहे. मी सोलापुरात कॉलेजात शिकवते, जुळे सोलापूरला राहते. मागच्या वर्षी इथल्या पेपरात माझा फोटो आला होता. चिंचोळी एमआयडीसीच्या मागे, रस्त्याकडेच्या चारीत सापडलेला एका तरुण मुलीचा मृतदेह — गळा आवळून खून, ओळख पटलेली नाही, फाइल बरीच वर्षं धूळ खात पडलेली. त्या मुलीला अखेर नाव मिळालं, आणि ते मिळवून देण्यात माझा मोठा वाटा होता, असं बातमीत लिहिलं होतं. शाल झाली, नारळ झाला, गुच्छ झाला. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन अजून म्हणतो, "मॅडम, तुमी तर डिटेक्टिव्ह निघालाव की!" मी हसते. काय करणार?

ती मुलगी कोण होती हे पोलिसांना कळण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून मला माहीत होतं.

झालं, लिहून झालं हे वाक्य. आता मागे फिरता येणार नाही.

तेव्हा मी विद्यापीठात शिकत होते, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या विभागाचं आणि पोलिसांचं काहीतरी ठरलं — पोलिसांकडे माणसं कमी, जुन्या न सुटलेल्या फाइली ढीगभर, आणि आमच्याकडे रिकामटेकडे विद्यार्थी. आम्ही त्या फाइली पुन्हा वाचायच्या, हरवलेल्यांच्या तक्रारींशी ताडून बघायच्या, काही जुळतंय असं वाटलं तर पोलिसांबरोबर त्या घरी जाऊन बोलून यायचं. आम्हाला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! गळ्यात ओळखपत्र अडकवून आम्ही कॅन्टीनमध्ये उगाच हळू आवाजात बोलायचो. बाकीच्यांना वाटावं, यांना काहीतरी माहीत आहे. तेव्हा खरं तर काहीच माहीत नव्हतं.

आमच्या सरांनी एक नियम घालून दिला होता आणि तो आमच्याकडून घोटून घेतला होता. आधी विचारायचं, मग दाखवायचं. म्हणजे असं — हरवलेल्या मुलीच्या घरी गेलात की खिशातले फोटो बाहेर काढायचे नाहीत. आधी घरच्यांना विचारायचं, जाताना अंगावर काय होतं, कानात काय होतं, पायात काय होतं. त्यांनी सांगितलेलं आपल्याकडच्या वर्णनाशी जुळलं, तरच मयताच्या कपड्यांचे फोटो दाखवायचे. कारण वाट पाहून थकलेला माणूस कुठल्याही कपड्याला आपलं म्हणतो, आणि घाबरलेला माणूस आपल्या कपड्यालाही परकं म्हणतो. सर हे सांगायचे तेव्हा आम्ही माना डोलवायचो. नियम चांगला होता. नियमाला मी दोष देणार नाही. या सगळ्यात मी एकटीच दोषी आहे, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढे माझाच हात नियमाकडे जाईल.

चिंचोळीची फाइल माझ्या वाट्याला आली होती. वय अंदाजे वीस, उंची अमुक, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. अंगावर जांभळा पंजाबी ड्रेस, त्यावर पिवळ्या बारक्या छत्र्या छापलेल्या. त्या कपड्याचे फोटो मी इतक्या वेळा पाहिले होते की डोळे मिटले तरी छत्र्या दिसायच्या. तक्रारी चाळताना मला करमाळा तालुक्यातली एक मुलगी सापडली, वनिता. वय जुळत होतं, उंची जुळत होती, कामासाठी चिंचोळीला आली होती हेही जुळत होतं. तपासावरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि एका महिला हवालदारांबरोबर मला तिकडे पाठवलं. साहेबांचं एवढंच म्हणणं होतं, आधी नाव मिळू दे. नाव मिळालं की ती कुणाबरोबर राहत होती ते कळेल, आणि ते कळलं की आरोपी लांब नाही.

एसटीने गेलो. हवालदारबाईंना करमाळ्याच्या पोलीस ठाण्यात दुसरंही काम होतं. त्या म्हणाल्या, "तू हो पुढं, बाईमाणूस बाईमाणसाशी मोकळं बोलतं. मी आलेच." गावच्या पोलीस पाटलांनी मला घर दाखवलं आणि ते बाहेर लिंबाखाली कुणाशी तरी बोलत थांबले. म्हणजे घरात मी, वनिताची आई आणि वनिताची धाकटी बहीण — तिघीच.

आईचं नाव सुभद्राबाई. मी त्यांना मावशी म्हणाले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पण कसं लख्ख! बहीण, ज्योती, तेव्हा बारावीत असेल. तिनं मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. सुभद्रामावशी दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी मला बसू दिलं खरं, पण स्वतः बसल्या नाहीत.

"वाईट बातमी असली तर हितंच सांग पोरी," त्या म्हणाल्या. "म्हंजे मी आत यीतच न्हाय."

मी म्हणाले, "नाही मावशी, नुसती चौकशी आहे."

तेव्हा त्या आत आल्या. माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि बोलायला लागल्या. वनिता चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात लागली, तिथं एका मुलाशी जमलं, त्या रागावल्या, नको ते बोलल्या. वनिताचे फोन यायचे बंद झाले. आता ती पुण्याला असेल, त्याच्याशी लग्न करून बसली असेल, हट्टी आहे, माझ्यावर गेली आहे — असं त्या सांगत होत्या, आणि मधेच थांबून माझ्याकडे बघत होत्या. मी "हो" म्हणावं म्हणून. मी म्हणत होते "हो". तेवढ्यानं काय बिघडतं, असं मला वाटलं.

मग मी नियमाप्रमाणे विचारलं. घरातून गेली तेव्हा अंगावर काय होतं?

"हिरवा डिरेस," त्या म्हणाल्या. जराही न अडखळता. "पोपटी. आन् पांडरी वडनी."

जुळलं नाही. खरं सांगू का? जीव भांड्यात पडला. मी पर्स बंद केली. आता फोटो दाखवायची गरज नव्हती, नियमच तसा होता. ज्योती चहा ठेवायला उठली, म्हणून मी सरकून बसले, हात मागे टेकला — आणि हाताखाली उशी आली. उशीच्या अभ्र्यावर पिवळ्या छत्र्या होत्या. जांभळ्या कापडावर, बारक्या.

मी मनात म्हणाले, असं कापड बाजारात ढिगानं येतं. शंभर घरांत असेल. मग मी विचारलं — का विचारलं? गप्प बसले असते तर निदान खात्री तरी झाली नसती — मी विचारलं, "मावशी, अभ्रा छान आहे. कुठून घेतला?"

त्यांचा चेहरा उजळला हो. "वनीनं शिवलाय. पैल्या पगारात कापड घिऊन आलती. तिनं डिरेस शिवला, उरल्याला तुकडा हितं लावला. लई हौशी पोरगी."

तो ड्रेस कुठे आहे, हे मी विचारलं नाही. तो तिच्या सामानात चिंचोळीला गेला होता, उघड होतं. घर सोडताना ती पोपटी ड्रेसमध्ये गेली होती आणि मेली जांभळ्या ड्रेसमध्ये, वर्षभरानं. आई खरंच सांगत होती. आमचा प्रश्नच अपुरा होता. आणि हे सगळं मला तिथं बाजेवर बसल्या बसल्या समजलं, लख्ख समजलं. मी मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर हे लिहावं लागलं नसतं.

फोटो पर्समध्ये होता. पर्स मांडीवर होती. चेन उघडायची आणि फोटो पुढे करायचा, एवढंच काम. त्यासाठीच मला पाठवलं होतं. मी चहा प्याले. बशीत ओतून, सावकाश.

निघताना मावशींनी माझं मनगट धरलं. आता त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, खाली बघत होत्या. "तुमाला जी घावलीया," त्या म्हणाल्या, "ती माजी वनी न्हाय न्हवं?"

"नाही मावशी," मी म्हणाले.

असं आहे ते. गप्प बसले असं नाही, विसरले असं नाही. मला सरळ विचारलं आणि मी सरळ खोटं सांगितलं. ती बाई माझ्यासमोर कोसळेल, आणि ते मला बघावं लागेल, एवढीच भीती होती. तिची कणव आली म्हणून खोटं बोलले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. कणव नव्हती. मला तिथून निघायचं होतं. एसटी चुकेल असंही वाटत होतं — इतकं क्षुद्र काहीतरी माणसाच्या डोक्यात अशा वेळी असतं, यावर तुमचा विश्वास बसतो का?

त्यांनी मला कुंकू लावलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कागदात बांधून दिली. परतीच्या एसटीत हवालदारबाई आणि मी ती खाल्ली. बाईंनी विचारलं, "काय म्हनली गं आई?" तोंडात घास होता, मी तो आधी गिळला. म्हणाले, "वर्णन जुळत नाही."

साहेबांनाही तेच सांगितलं, सरांनाही तेच. वर्णन जुळलं असतं तर पोलिसांनी आईचं रक्त घेऊन तपासणीला पाठवलं असतं. मयताचा दात आणि हाडाचा तुकडा प्रयोगशाळेत राखून ठेवलेला होता, त्याच्याशी ते ताडून बघितलं असतं. पण जुळलंच नाही म्हटल्यावर कोण कशाला पाठवणार? फाइल परत कपाटात गेली. वर्ष संपलं, मला चांगले मार्क मिळाले.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, निदान त्या आईला तरी आशेवर जगता आलं. मलाही तसंच वाटायचं, वाटून घ्यायची मी. आणि फोन यायला लागले. मी नंबर देऊन आले होते ना! सुभद्रामावशी ज्योतीकडून फोन लावून घ्यायच्या. काही कळलं का, एवढंच विचारायच्या. मी म्हणायचे, शोधतायत. एकदा ज्योती म्हणाली, "ताई, तुमी यिऊन गेल्यापासनं आई लई बरी हाय. दोन टाइम जेवती. चुलते म्हनत हुते वनीचं दिवस घालून मोकळं व्हा, पिठाची भावली करून जाळा. तर आई त्यांच्या अंगावर धावून गेली. पोलिसांनी सोता सांगितलंय म्हनली, माजी पोरगी जिती हाय." म्हणजे मी जायच्या आधी ते घर मनाची तयारी करत होतं. त्यांना उठवून पुन्हा वाट पाहायला मीच बसवलं होतं.

मग पुढचं कळलं. ज्योतीला स्थळं येत होती आणि आई परतवून लावत होती. थोरलीचा ठावठिकाणा नसताना धाकटीचं कसं उरकायचं? थोरली आली, तिचं काय झालंय ते कळलं, की मग. एक स्थळ तर फार चांगलं होतं, शाळेत शिपाई होता मुलगा. ज्योती हे मला हसत हसत सांगत होती. "आईचा हट्ट," म्हणाली. मी त्या दिवशी फोन ठेवला आणि तो नंबर नव्या नावानं साठवला — "करमाळा, उचलू नये". माझ्या लग्नाची खरेदी चालली होती तेव्हा. फोन वाजायचा, मी नाव बघायचे आणि साडीचा पदर बघायला लागायचे. काही महिन्यांनी वाजायचाही बंद झाला.

रात्री झोप लागत नाही वगैरे म्हणणार नाही. मला झोप लागते. मूल झालं, पीएच.डी. झाली, कॉलेजात नोकरी लागली. पण जांभळं कापड दिसलं की मी रस्ता बदलते. एकदा कापडाच्या दुकानात तसला तागा दिसला. छत्र्या नव्हत्या त्यावर, ठिपके होते, तरी मी मुलाचा हात धरून ताडताड बाहेर आले आणि त्याला विनाकारण रागावले. आणि एक सांगते, कुणी निरोप घेताना मनगट धरलं की मला ते सोडवून घ्यावंसं वाटतं. सासूबाईंनी धरलं तरीही. त्यांना वाटतं मला माया कमी आहे.

दीड वर्षापूर्वी अनोळखी नंबरवरून फोन आला. ज्योती होती. सुभद्रामावशी गेल्या. शुगर होती, दुर्लक्ष केलं, गेल्या. "तुमाला कळवावं म्हनलं," ती म्हणाली. "आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढत हुती. लई चांगली पोरगी म्हनायची."

फोन ठेवल्यावर मला काय वाटलं, हे मी अजून कुणापुढे उच्चारलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता तो फोटो दाखवता येईल, कारण तो जिला दाखवायचा नव्हता ती आता नाही. मी तिच्या मरणाची वाट बघत होते का? मी स्वतःला हे बऱ्याचदा विचारलं आहे. उत्तर येतं ते मला आवडत नाही.

पंधरवड्यात मी पोलिसांकडे गेले. तेव्हाचे साहेब बदलून गेले होते, नवे होते. त्यांना मी काय सांगितलं असेल? खरं? छे. मी म्हणाले, माझ्या विद्यार्थिदशेतली एक केस डोक्यातून जात नाही. मी म्हणाले, साहेब, घर सोडतानाचे कपडे आणि मरतानाचे कपडे वेगळे असू शकतात ना? आपण तेव्हा चुकीचा प्रश्न विचारला. बहिणीचं रक्त तपासून बघू या का? साहेब खूश झाले. म्हणाले, "मॅडम, याला म्हणतात अभ्यास." अहवाल यायला वेळ लागला, पण आला. सख्ख्या बहिणी. पेपरवाले आले, विभागात सत्कार झाला, निवृत्त झालेले सर मुद्दाम आले आणि त्यांनी आपल्या हातांनी शाल घातली. भाषणात म्हणाले, प्रश्न कसा विचारावा हे हिच्याकडून शिका. मी खाली मान घालून बसले होते. सगळ्यांना तो विनय वाटला.

आणि तो मुलगा, ज्याच्याबरोबर वनिता राहत होती? पोलीस कारखान्यात गेले. ठेकेदारानं सांगितलं, होता की, बरीच वर्षं होता, दोन वर्षांखाली सोडून गेला. कुठल्या राज्यात गेला कुणाला ठाऊक नाही, गावाचा पत्ताही खोटाच निघाला. म्हणजे मी एसटीत भाकरी खात होते तेव्हा तो तिथं होता. माझ्या लग्नात, माझ्या बाळंतपणात, माझ्या पीएच.डी.च्या पेढ्यांच्या वेळी तो चिंचोळीत रोज कामावर येत होता. इथून दुचाकीवर किती लांब आहे चिंचोळी?

ज्योतीला बोलावलं होतं, कागदांवर सह्या करायला. ठाण्याच्या आवारात मी तिला भेटले. मी तिला ओळखलंच नाही आधी. तिशीही ओलांडलेली नव्हती, पण कानाजवळचे केस पिकले होते. लग्न झालेलं नाही. अंगणवाडीत मदतनीस आहे, एकटीच राहते त्या घरात. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं, तर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग डोळे पुसून म्हणाली,

"आईचंच चुकलं बगा ताई. तिनं हिरवा डिरेस सांगितला. नीट आटवून सांगितलं आसतं तर तवाच समदं कळलं आसतं. तुमी येवड्या लांबनं आलताव. तिच्यापायी वनीला बी न्याय न्हाय मिळाला, आन् माजं बी..." ती थांबली. "मेलेल्या मानसाला काय बोलायचं. पन राग येतो की वो कवाकवा."

मी तिचा हात हातात घेतला. तोंड उघडलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, सांगायला हरकत नव्हती.

"असं होतं ज्योती," मी म्हणाले. "आईंचं वय झालं होतं. नाही आठवत माणसाला."

सुभद्रामावशी तेव्हा चाळिशीच्या आसपास होत्या. ज्योतीनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "व्हय."